माती का फुगते?

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक जुना तिरपा तडा आहे. वैशाखात त्यात रुपयाचे नाणे उभे शिरते, भाद्रपदात नखही शिरत नाही. पाया काळ्या मातीत असल्याचा हा प्रताप. त्यामुळे लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर असलेल्या भाच्याने फोनवर, "मामा, इथला रस्ता पाऊस नसतानाही फुगतो," असे सांगितले, तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही.

तिथे थंडीत जमिनीतले पाणी गोठते. पण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, हे शाळेत शिकलेले कारण येथे अपुरे पडते. स्टीफन टेबर या भूवैज्ञानिकाने १९३० च्या सुमारास गोठल्यावर आकसणारे बेंझीन मातीत वापरून पाहिले आणि तरीही माती वर उचलली गेली. खरा खोडकरपणा खालून केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून आपोआप, वर ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा असतो. ते गोठणाऱ्या थरापाशी साचून बर्फाच्या चकत्या बनवते आणि त्या चकत्या वरचा रस्ता उचलतात. वाळूत ही ओढ कमी, चिकणमातीत पाण्याची वाट फार चिंचोळी. गाळवट माती मात्र ओढूनही घेते आणि वाटही देते, म्हणून तीच सर्वांत त्रासदायक.

यावर एक उपाय म्हणजे मातीत मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळणे; त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण पाण्याबरोबर ते हळूहळू धुऊन जाते. मला अधिक गंमत वाटते ती पुढच्या दोन उपायांची, कारण ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. सोडियमचे काही फॉस्फेट मातीचे गठ्ठे फोडतात, सुटे कण दाटीने बसतात आणि पाण्याची वाट बुजते. लोहाचे क्षार मात्र बारीक कणांचे गठ्ठे बांधतात, छिद्रे मोठी होतात आणि पाण्याची ओढच ढिली पडते. शेवटी दोन्हींचा रोख पाण्यावरच.

आपल्याकडे काळ्या मातीत चुना मिसळतात, तोही आधी गठ्ठेच बांधतो आणि मग चिकणमातीशी संयोग पावून घट्ट होतो. "मग इथेही चुना घालू का?" असे भाच्याने विचारले. मी त्याला म्हटले की चुन्याला चिकणमाती लागते आणि ऊबही लागते, थंडीत त्याचे काम जवळजवळ थांबते; तेव्हा घालायचाच तर उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि त्याआधी रस्त्याकडेच्या चरीतले पाणी कोठे मुरते ते पाहा.

आमच्या भिंतीमागची मोरीही अजून तशीच गळते आहे.