हेक्सोकायनेजचा पुढचा पट्टा

पीसीआर, म्हणजे डीएनएवरून जंतू ओळखणारी चाचणी, आमच्या प्रयोगशाळेत यायच्या आधीची गोष्ट. शौचतपासणीत अमीबाच्या सिस्ट, म्हणजे कवचातल्या अवस्था, सापडल्या म्हणून एका स्वयंपाक्याला कामावरून घरी बसवलं होतं. पोटाची तक्रार नव्हती. मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स झाले, तरी सिस्ट पडतच होत्या. हे औषध आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टवर फारसं चालत नाही. बाहेरच्या रिपोर्टवर मात्र दर वेळी ठामपणे ‘एन्टअमीबा हिस्टोलिटिका’.

असं लिहिलेलं दिसलं की मला आजही संताप येतो. हिस्टोलिटिका आतडं पोखरते, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात डिस्पार निरुपद्रवी. पण चार केंद्रकांची सिस्ट दोघींची हुबेहूब सारखी. ब्रम्प्टने १९२५ मध्येच डिस्पार वेगळी काढली होती. ते पटायला १९९३ उजाडलं. नुसत्या सिस्ट दिसल्या तर ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असं लिहा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्ये सांगितलं, तरी वाचतो कोण?

फरक विकरांवरून (एन्झाइम) कळतो, म्हणून त्याच्या नमुन्यातले अमीबा रॉबिन्सनच्या संवर्धन-माध्यमात वाढवले, धुतले, गोठवून-वितळवून फोडले आणि अर्क विजेच्या प्रवाहाने जेलवर चालवला. हेक्सोकायनेज या विकराच्या रंगद्रावणात ग्लुकोज, एटीपी, एनएडीपी, जोडीचं विकर जी६पीडी, आणि रंग उमटवायला एमटीटी आणि पीएमएस. पीएमएसला उजेड सोसत नाही, म्हणून हे सगळं अंधारात. विकर जिथे थांबलेलं असेल तिथे जांभळा-निळा पट्टा उमटतो. हिस्टोलिटिकाचे दोन्ही पट्टे पुढे धावतात, डिस्पारचे मागे राहतात. सार्जंट आणि विल्यम्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलेला हा फरक नीट लावलेल्या जेलवर डोळ्यांना लख्ख दिसतो.

माझ्या जेलवर दोन पट्टे मागे होते आणि एक पुसटसा पुढे. वरिष्ठ म्हणाले, “मिश्र संसर्ग आहे, रिपोर्ट देऊन टाका.” माझा हात अडला. अमीबासोबत त्याच संवर्धनात जिवाणूही वाढतात आणि त्यांचीही विकरं रंगतात. जेलवरची एक ओळ वाचवण्यासाठी मी नुसत्या जिवाणूंचा अर्क लावलाच नव्हता. चूक माझीच होती. अर्क संपला होता. पुन्हा संवर्धन, पुन्हा जेल, आठवडा गेला.

दुसऱ्या जेलवर पुढचा पट्टा जिवाणूंच्या ओळीतही तसाच उमटला. पीजीएम या दुसऱ्या विकराचा बीटा पट्टा, जो हिस्टोलिटिकात असतो, तो कुठेच नव्हता. डिस्पार!

स्वयंपाकी रिपोर्ट न्यायला आला. “मॅडम, मग एवढ्या गोळ्या कशासाठी घेतल्या मी?” मी त्याला दोन्ही जेल शेजारी ठेवून दाखवले. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “पण माझ्या जागी गेल्याच आठवड्यात दुसरा माणूस घेतला त्यांनी.”