सोन्याच्या आतला चीक

फुटलेला जपानी वाडगा आणि त्याच्या भेगांतून धावणारी सोनेरी रेघ. हा फोटो एव्हाना तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून सांध्यांवर सोनं चढवण्याची जपानी कला. खाली जखमा सोन्यानं मढवण्याचा सल्ला आणि जोडलेले हात.

माझी तक्रार कारागिराविषयी नाही, फोटोविषयी आहे. त्यात सोनंच तेवढं दिसतं, आणि सोन्यानं तर काहीच चिकटत नाही. ती शेवटी भुरभुरायची पूड. वाडगा धरून ठेवतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आपल्या आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं, आणि गुणही बिब्ब्याचाच: कच्चा चीक अंगाला लागला की उततो, खाज आणि फोड. झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका हंगामात खाचा पाडून जेमतेम 200 ग्रॅम चीक काढायचा आणि मग बहुतेकदा ते तोडूनच टाकायचं. सोन्याच्या रेघेचं कौतुक करताना या झाडाचं नाव कुणी घेत नाही.

या चिकात गव्हाचं पीठ मळून तुकडे जोडतात. मग थांबायचं. टवके उडाले असतील तिथे चिकात कालवलेली बारीक माती भरायची, घासायची, पुन्हा थांबायचं. असे आठवडे, कधी महिने जातात. त्यातही गंमत अशी, की हा चीक उन्हात ठेवून घट्ट होत नाही. त्याला दमट हवा लागते, म्हणून वाडगा ओलसर पेटीत झाकून ठेवतात. आपल्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत ना, तसली हवा त्याला मानवते. दुःखात असलेल्या माणसाला ‘जरा बाहेर पड, मोकळ्या हवेत ये’ म्हणणाऱ्यांत मीही असते. पण काही माणसांना काही काळ ती बंद पेटीच हवी असते, असं आता वाटतं.

किंत्सुगीच्या जन्माची म्हणून एक कथा सांगतात. पंधराव्या शतकातला शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासा याच्या चिनी वाडग्याला तडा गेला. त्याने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागवला. तिकडून उत्तर आलं, आता असा वाडगा बनत नाही; आणि तोच वाडगा धातूचे टाके मारून परत आला. ते ओबडधोबड टाके जपान्यांना रुचले नाहीत आणि त्यांनी सोन्याची वाट शोधली, असं पुढे जोडतात. पण तो वाडगा आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, टाक्यांसकट, आणि महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जपलेला. इतके नावडते असते तर कुणीतरी उपसून काढले नसते का? मला तर तो सोनेरी वाडग्यांपेक्षा जास्त आवडतो. ऑपरेशनचे टाके शर्टाआड लपवायचे नाहीत आणि मिरवायचेही नाहीत, अशा माणसासारखा.

आणखी एक प्रकार आहे, योबित्सुगी. फुटलेल्या भांड्याचा तुकडा हरवलाच असेल, तर दुसऱ्याच भांड्याचा तुकडा आणून बसवतात. रंग वेगळा, नक्षी वेगळी. सांधा कसा दिसतो याची पर्वा नाही असं नव्हे. तो वेगळेपणाच हौसेनं ठेवलेला असतो.

आमच्या शेजारच्या काकू काका गेल्यावर सावरल्या, तेव्हा सगळे त्यांना ‘खंबीर’ म्हणाले. मी शेजारी राहते, मला आतली गोष्ट ठाऊक आहे. बँकेची कामं पुतण्यानं अंगावर घेतली, आणि रात्रीच्या सोबतीला म्हणून आलेली नणंद परत गेलीच नाही. या दोघींचं उभ्या जन्मात पटलेलं नव्हतं. आताही पटतं असं नाही. परवाच लोणच्यात मेथी किती घालायची यावरून अशा जुंपल्या होत्या, की भिंतीपलीकडे मला मोजमापासकट सगळं ऐकू येत होतं.