डिस्क लावली की कॉम्प्युटर हँग होतो

बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर अडकू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात: रॅम वाढवा, नाहीतर विंडोज नवीन टाका. दोन्ही घाईचे. अशा वेळी कॉम्प्युटर बहुतेकदा डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो, आणि फाइल उघडणारी खिडकी तोवर पांढरीफटक पडते. डिस्क काढली की सगळं सुरळीत होत असेल, तर रॅमवर पैसे घालू नका.

आधी हँग खरा आहे का ते बघा. बाण अडकला की वायरवाल्या कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे कॉम्प्युटर जिवंत आहे. वायरलेस माऊस असेल तर वेगळीच गंमत असते. यूएसबी ३ ची जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते, आणि माऊसचा रिसीव्हर शेजारच्याच पोर्टात असला तर बाण उड्या मारतो. रिसीव्हर लांबच्या पोर्टात लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलवर पुढे आणा. असले ‘हँग’ तेवढ्यावर जातात.

खरा हँग असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ती डिस्क निवडा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी आणि प्रतिसादाचा वेळ हजार मिलिसेकंदांच्या वर, असं दिसलं तर डिस्क, केबल किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बिघडलंय. मोठी फाइल कॉपी करतानाही वेग ३०-४० एमबीवरच चिकटून राहत असेल तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. जोडणी जुन्या, संथ यूएसबी २ वर उतरली आहे.

याचं कारण बऱ्याचदा केबल. पोर्टेबल डिस्कचं रुंद तोंड दोन भागांचं असतं. मोबाइलची जुनी मायक्रो केबल त्यातल्या मोठ्या भागात चपखल बसते, डिस्क चालतेही, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वेगाच्या तारा शेजारच्या छोट्या भागात असतात. कॉम्प्युटरकडच्या टोकातही डोकावून बघा: पुढे ४ पट्ट्या आणि आत मागे आणखी ५ दिसल्या पाहिजेत. निळ्या रंगावर भरवसा नको, पट्ट्या मोजा. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला केबल घ्यायला जाताना डिस्क सोबत न्या आणि दुकानातच एखादी मोठी फाइल कॉपी करून वेग बघा. केबल हातभराहून लांब घेऊ नका.

दुसरं कारण वीज. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ पोर्ट ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांपर्यंत जाणारी आतली तार बारीक असेल तर विजेचा दाब आणखी पडतो; डिस्क फिरू लागते, टक् करून थांबते, पुन्हा फिरते. अशी डिस्क मागच्या पोर्टात, थेट मदरबोर्डवर लावा. हब वापरायचाच असेल तर स्वतःच्या ॲडॅप्टरचा.

एवढं करूनही अडकत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. त्यातल्या ०५ (बदललेल्या खराब जागा), सी५ (संशयित जागा) आणि सी६ (न सुधारलेल्या जागा) या तीन ओळी महत्त्वाच्या. सी५ शून्य नसेल तर काही जागा वाचता येत नाहीत आणि डिस्क त्यांच्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटते आहे. हँग तिथूनच येतो. सी७ वाढत असेल तर दोष जोडणीतला. आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत दिसतात, १ए वाचून घाबरू नका, ते २६ आहे.

सी५ वाढलेलं दिसलं की आधी कॉपी, दुरुस्ती नंतर. विंडोजची डिस्क तपासायची कमांड, चेकडिस्क, ‘स्लॅश आर’ लावून चालवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो सगळी डिस्क वाचून काढतो, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ आधी काढून घ्या, महत्त्वाचं पहिलं. विंडोजची कॉपी करायची कमांड, रोबोकॉपी, वापरत असाल तर पुनःप्रयत्न १ आणि थांबा १ सेकंद असं सांगा. न सांगितल्यास तो एकेका अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंद थांबत १० लाख वेळा प्रयत्न करतो.

सगळे आकडे स्वच्छ आणि तरीही सुरुवातीला १०० एमबीने धावणारी डिस्क थोड्या वेळाने १०-२० वर येते? ती बहुधा एसएमआर पद्धतीची आहे. त्यात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. हा बिघाड नव्हे. कॉपी टप्प्याटप्प्याने करा आणि संपल्यावर डिस्क थोडा वेळ लावूनच ठेवा, आतली आवराआवर तिची ती करते. हजारो बारीक फाइली असतील तर आधी झिप करून एकच मोठी फाइल पाठवा.

डिस्क केसमधून काढून सरळ साटा केबलवर (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायची केबल) लावायचा मोह होतो. बऱ्याच तयार पोर्टेबल डिस्कमध्ये साटाचं तोंडच नसतं, यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डावर असतं. केस फोडल्यावर वॉरंटीही जाते.