माहेरची नाचणी

पाटण तालुक्यातील डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये देशी वाणांची मोबाइलवर नोंद करण्याचे काम मी करते. कणसाचे छायाचित्र, शेजारी मापासाठी पट्टी, पेरणी-काढणीचा काळ आणि सांगणाऱ्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रण असे नोंदीचे स्वरूप असते. वर रेंज नसल्यामुळे सारे फोनमध्ये साठवून पाटणला उतरल्यावर पुढे पाठवावे लागते.

गेल्या मार्गशीर्षात एका आजींच्या घरी 'गावठी नाचणी' अशी एकच नोंद करून मी उठत होते, तेव्हा त्यांनी चुलीच्या वर, धुरात टांगलेल्या दोन जुड्या खाली काढल्या. एकीतली कणसे मुठीसारखी मिटलेली, दुसरीतली बोटे सुटी पसरलेली. मिटलेली हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, ती सासूकडून आलेली. सुटी मात्र गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी, आणि पाऊस लांबला की तीच हाती लागते, कारण तिच्यात पाणी साचून दाणा काळा पडत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. माझ्या नोंदीत हे दोन्ही वाण एकाच नावाखाली गेले असते.

'बियाणे कोठून आले' या रकान्यात बाजार, कृषी खाते आणि स्वतःचे एवढेच पर्याय होते. सुट्या नाचणीसाठी मी 'स्वतःचे' निवडलेले ऐकून आजी म्हणाल्या, "सोताचं कसं गं पोरी? माझ्या आईनं वटीत घातलेलं बी हाय ह्ये. भूकंपाच्या आदी." म्हणजे डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपापूर्वी. माहेरचे गाव विचारले, तर ते धरणात गेलेले. नकाशावर बोट ठेवायला गेले, तर तिथे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे निळे पाणी होते, आणि ठिकाण भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

आजींची अट एकच होती: बी कोणीही न्यावे, पण त्याच्यासोबत त्या गावाचे नाव जावे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला आहे. वाण कोठून आला, कोणी राखला, हे लिहून ठेवलेले नसेल तर तो हक्क मागायचा तरी कशाच्या आधारावर, हे मला त्या ओसरीवर प्रथमच नीट कळले.

त्या रात्री आम्ही फॉर्ममध्ये 'माहेर' हा पर्याय घातला आणि बुडालेल्या गावाचे नाव हाताने लिहिता येईल अशी सोय केली. आधीच्या 'स्वतःचे' लिहिलेल्या बहुतेक नोंदी बायकांनीच सांगितलेल्या आहेत. त्या प्रत्येक घरी मी आता पुन्हा जाते आहे.