लेकीचा अॅनोरेक्सिया, हॉस्पिटल आणि नंतरचं ताट: माझा अनुभव

दहावीच्या सुट्टीत लेकीने 'हेल्दी' खायला सुरुवात केली तेव्हा घरात कौतुकच झालं. आधी साखर बंद, मग भात, मग तेल-तूप, आणि आमच्याकडे उपासांना काय तोटा, संकष्टी, एकादशी, सोमवार, नवरात्रात तर नऊ दिवस नुसतं ताक, आणि आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत नात किती देवभोळी आहे म्हणून. पाळी थांबली म्हणून गायनॅक, पोट दुखतं म्हणून अॅसिडिटीच्या गोळ्या, केस गळतात म्हणून स्किनवाले, सगळं झालं. शेवटी एका लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी-पल्स घेतली, पाठीवरची बारीक लव बघितली आणि सरळ म्हणाल्या, अॅनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार) वाटतोय, नाडी फार स्लो आहे, आजच अॅडमिट करा.

मला वाटलं आता भरपूर खायला घालतील, तर उलटंच. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम खाऊ घातलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस पेशींमध्ये ओढलं जातं आणि हार्टला धोका होतो, याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून खाणं बेताबेताने वाढवायचं, रोज फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायचं, ईसीजी काढायचा, थायमिन (व्हिटॅमिन बी-1) द्यायचं. आजींनी डिंकाचे लाडू पाठवले होते ते सिस्टरने डब्यासकट परत दिले! इन्शुरन्सच्या क्लेमला 'मानसिक आजार' म्हणून क्वेरी आली, तर 2017 च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टचा दाखला देऊन उत्तर लिहिलं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

खरं काम घरी आल्यावर. सायकिअॅट्रिस्ट म्हणाले याला गोळी नाही, वजन इतकं कमी असताना डिप्रेशनच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही, जेवण हेच औषध. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधून आलेली फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट सुरू केली. पहिल्या टप्प्यात काय आणि किती खायचं ते आईवडील ठरवणार, 3 जेवणं आणि मधली खाणी, तिने किचनमध्ये यायचं नाही, जेवणानंतर तासभर कोणीतरी सोबत, वजन काट्याकडे पाठ करून. ऐकायला सोपं वाटतं हो. लेक पोळीचं तूप टिश्यूने टिपायची, थालीपिठाचे नखाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेला लावायची, 'तू मला मुद्दाम जाड करतेयस' म्हणून किंचाळायची, आणि हे हळूच म्हणायचे, राहू दे गं दोन घास. तिथेच आजाराला फट मिळते, म्हणून डॉक्टरांनी यांनाच जास्त झापलं. दोघांनी एकच बोलायचं, कॅलरीवर वाद घालायचा नाही, 'मी इथेच बसलेय' एवढंच म्हणायचं. पाहुण्यांनाही आधीच फोन करून सांगायचं, अंगाबद्दल एक शब्द नको, चांगला पण नको.

एक गोष्ट मला कळतच नव्हती, स्वतः खात नाही आणि दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ, सगळ्यांसाठी केक. तेव्हा काउन्सेलरने मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर तेही रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, चिडचिडे झाले, ताटावर तासन् तास बसायला लागले. म्हणजे यातलं बरंच काही उपाशी मेंदू करतो, पोरगी नाही. त्यानंतर माझा राग निम्मा झाला.

आता दुसरा टप्पा चालू आहे, खाण्याचा ताबा थोडा थोडा तिच्याकडे. पाळी परत आलीय, हाडांची डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते बघायचा स्कॅन) पुन्हा करायचीय, उपास डॉक्टर सांगेपर्यंत बंद, आजींचाही त्याला पाठिंबा (बऱ्याच कुरकुरीनंतर). सध्या वाद कॉलेजच्या ट्रिपचा. डॉक्टर म्हणतात नाश्ता न सांगता स्वतः पुरेसा वाढून घ्यायला लागली की पाठवा. काल पोहे घेतले, शेंगदाणे मात्र वेचून बाजूला काढले.