यंदा आत्ती मांडवात बसल्या

संमेलन पंधरा दिवसांवर आलं की आमच्या सोप्यात दोन रिकामी पोती मांडली जातात. गल्लीचा तांदूळ आमच्याकडे गोळा होतो, घरटी दोन शेर. एका पोत्यात नवा तांदूळ, दुसऱ्यात जुना. जानेवारीत मळण्या नुकत्याच झालेल्या असतात, त्यामुळे बहुतेक घरांतून नवाच येतो. पण ज्यांच्याकडे गेल्या सुगीतला शिल्लक असतो ते हौसेनं जुना देतात. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. दोन्ही एकाच पातेल्यात पडले तर निम्मा भात चिखल आणि निम्मा कच्चा. म्हणून माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, उंबऱ्याशी बसून प्रत्येकीच्या शेरातला दाणा दाताखाली धरतात आणि बोटानं पोतं दाखवतात. नजर अधू झालीय त्यांची, पण दाण्याची पारख अजून चुकत नाही.

हा सगळा तांदूळ साहित्य संमेलनाचा. पुण्यात राहणाऱ्या माझ्या नणंदेनं शेजारणीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. गावाचं साहित्य संमेलन? आमच्या बेळगाव तालुक्यात यात नवल काही नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, अशी कितीतरी गावं आपापलं मराठी साहित्य संमेलन भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, एखादं व्याख्यान, जेवण, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. सगळं एका दिवसात, शाळेच्या पटांगणात नाहीतर भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. पाहुणे कोल्हापूर, सांगली, पुण्याहून येतात. जेवण सगळ्या गावाला आणि आसपासच्या गावांतून आलेल्या प्रत्येकाला.

आमच्या घरात या गोष्टीची ओढ जुनी आहे. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. माझे आजेसासरे ते ऐकायला बैलगाडीनं गेले होते, असं मामंजी अजून सांगतात. २००० साली पुन्हा बेळगावात संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते. तेव्हा माझे मिस्टर उद्यमबागेतल्या कारखान्यात नुकते लागले होते, रजा टाकून तीनही दिवस गेले. माझं स्वतःचं असं काही नाही. मी चंदगड तालुक्यातली, लग्न होऊन इकडे आले. शेताचा उतारा कन्नडात येतो, तो मला मुलीकडून वाचून घ्यावा लागतो. ती सरकारी मराठी शाळेत सहावीत आहे आणि दोन्ही भाषा भराभर वाचते. मला मात्र पोटभर मराठी ऐकायला मिळावं असा वर्षातला हा एक दिवस.

आणि तोच दिवस मला चौदा वर्षं मिळाला नव्हता.

मांडव शाळेच्या पुढे, चुलाणं शाळेच्या मागे. कर्ण्यांची तोंडं पुढच्या बाजूला. आम्हा बायकांना मागे टाळ्या ऐकू यायच्या, त्या कशासाठी वाजल्या ते कळायचं नाही. भात उतरवला की वाढायचं, वाढून झालं की भांडी, भांडी होईस्तोवर कवी स्टेजवरून उतरलेले. आत्तींनी तर पहिल्या संमेलनापासून रांधलंय. कोण कोण साहित्यिक आले होते ते त्यांना विचारलं तर त्या कुणाला आमटी तिखट लागली आणि कुणी दोनदा भात घेतला ते सांगतात. नाव एकाचंही नाही. मला याचं वाईट वाटायचं.

यंदा दिवाळीनंतर विठ्ठलाच्या देवळात बैठक झाली. बायकांना बोलावतात ते दिंडीत कलश किती निघणार ते ठरवायला. कलशांचा आकडा झाल्यावर मी उठून उभी राहिले. हातपाय गार पडले होते. म्हटलं, हुग्गी रात्रीतच शिजवून पहाटे उतरवू, भात-आमटी अकराच्या आत करू, पण वाढायचं आणि भांडी घासायचं काम तरुण मंडळानं घ्यावं. आम्हाला ऐकायला बसायचंय.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, "वाढतील की पोरं. पण भांडी?"

भजनी मंडळातले एक आबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वारीत भांडी कोण घासतंय? आपणच न्हवं? मग हितं काय झालं?" तेवढ्यावर विषय मिटला. मला आबांच्या पाया पडावंसं वाटलं आणि घरी जाता जाता मी पडलेही.

हुग्गीबद्दल सांगायलाच हवं. खपली गव्हाची खीर ही. खपलीचं टरफल सहज निघत नाही, म्हणून पाण्याचा हात लावून सडावी लागते. आता ते काम गिरणीत होतं. मग रात्रभर भिजत घालायची. आमच्याकडे साठ किलो खपली आणि पंचाहत्तर किलो गूळ लागतो. शेजारच्या अक्का यातल्या जाणत्या. त्यांचं माहेर गोकाककडचं, घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. पटांगणामागे चर खणून चुलाणं पेटवली, काहिली चढवल्या आणि रात्री अकरापासून आम्ही पाळीपाळीनं लाकडी उलथणं फिरवत बसलो. थंडी अशी की पाठ गारठलेली आणि तोंड भाजलेलं. दोन वाजता एका नव्या सुनेनं गुळाची ढेप उचलली तशा अक्का ओरडल्या, "बेल्ल ईग ब्याड!" गूळ आत्ता नको. गहू बोटानं दाबून पीठ होण्याआधी गूळ पडला तर तो पुढे कितीही शिजवा, टणकच राहतो. त्या दर अर्ध्या तासानं एक दाणा चिमटीत धरून बघत होत्या. चारला त्यांनी मान हलवली. मग गूळ, किसलेलं खोबरं, सुंठ, वेलदोडे. पाच वाजता काहिली खाली उतरल्या. दूध त्यात घालत नाहीत, गुळानं फाटतं. पानात वाढल्यावर वरून घेतात.

सकाळी दिंडी निघाली. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे टाळकरी, शाळेची लेझीम, दारोदारी रांगोळ्या. माझी मुलगी लेझमीत होती. मी पहिल्यांदा दिंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालले.

आत्तींनी इरकल नेसलं होतं. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं, शेजारी मी, पलीकडे अक्का. जेवण झाल्यावरच्या कथाकथनाला बाहेरगावचे एक लेखक होते. गोष्ट शेतकऱ्याची. तो आभाळाकडे डोळे लावून बसलाय, पाऊस पडल्याशिवाय भाताची पेरणी करता येत नाही, असं त्यांचं चाललं होतं. आत्ती मला म्हणाल्या, "आमच्यात पावसाच्या आधी पेरतात की." हळू बोलल्या असं त्यांना वाटलं, पण ऐकायला कमी येतं त्यांना, आवाज पार पुढे पोचला. लेखक थांबले. मला धस्स झालं. ते म्हणाले, "आजी, कसं पेरता ते सांगाल?"

आणि आत्ती उभ्या राहिल्या. माझ्या खांद्याला धरून त्यांनी धूळवाफ पेरणी सांगितली. मेच्या अखेरीला कोरड्या, भुसभुशीत जमिनीत कुरीनं भात पेरायचं, अगदी धुळीत. बी तसंच पडून राहतं आणि पहिला पाऊस लागला की वर येतं. रोपाची लावण वेगळी, ती पाणथळ रानात, चिखल करून. पावसानं फारच ओढ दिली तर धुळीतलं बी मुंग्या नेतात, पाखरं खातात. "आमची दोनदा गेली," म्हणाल्या. "दुसऱ्यांदा बी माझ्या भावानं दिलं." एवढं सांगून त्या खाली बसल्या.

लेखकांनी हात जोडले आणि गोष्ट पुढे नेताना तेवढा भाग तिथल्या तिथे बदलून सांगितला. टाळ्या झाल्या. या टाळ्या कशासाठी, ते मला माहीत होतं.

मागे पोरांनी भांडी घासली. राख जरा कमी पडली असावी, दोन पातेल्यांचे तळ काळेच होते. ती मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली आणि ज्यांची त्यांना नेऊन दिली. कविसंमेलनातल्या दोन कविता मी वहीत उतरवून घेतल्यात. तिसरी लिहायच्या आत पुढचे कवी सुरू झाले.

रात्री आत्तींच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. झोप लागली असं वाटून मी दिवा मालवायला उठले, तर म्हणाल्या, "पुढच्या साली खपली पाच किलो वाढव. अक्कांना विचार, गूळ किती लागंल." मी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, खपली ६५. गुळाचा आकडा सकाळी अक्कांना विचारून भरला.