तीच शिवी

आज संध्याकाळी भाच्याला बॉक्सिंगच्या क्लासला घेऊन गेले होते. हाताला पट्टी गुंडाळताना त्याची बोटं थरथरत होती. सर सगळ्यांसमोर ओरडले, "बायल्यासारखा काय उभा आहेस?" पोरं हसली. तोही हसला, मान खाली घालून.

घरी आल्यापासून एमिल ग्रिफिथ डोक्यातून जात नाहीये. न्यूयॉर्कच्या टोप्यांच्या कारखान्यातला पोरगा, पुढे बॉक्सिंगचा जगज्जेता झालेला. २४ मार्च १९६२ ला लढतीआधी वजन करताना प्रतिस्पर्धी बेनी पॅरेटनं त्याला स्पॅनिशमधली तीच शिवी हासडली. त्या रात्री १२व्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांशी अडकला, हात खाली पडले, तरी ग्रिफिथचे ठोसे पडतच राहिले. १० दिवसांनी तो गेला. वर्तमानपत्रांनी त्या शिवीचा अर्थ गुळमुळीत करून छापला.

ग्रिफिथला पुरुषही आवडायचे. हे उघड बोलायला त्याला म्हातारपण यावं लागलं. माणूस मारला ते लोकांनी माफ केलं, पुरुषावर प्रेम केलं ते नाही, ही त्याची खंत. किती एकटा पडला असेल तो!

रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, उद्या नको ना जायला."

त्याला "बरं" म्हटलं. पण मी जाणार आहे. सरांशी बोलायला.